हेलियममध्ये सांगायचं राहून गेलेलं

टोरी, अ‍ॅबरडीन
मार्च महिना, धुकं आहेच

प्रिय गिबी यास,

आर्ची डफसचा नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच). तिकडे शेटलंडात तुझी, तुझ्या मेंढ्यांची आणि तुझ्या डाव्या खांद्याची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. समुद्राच्या तळाशी तेलाच्या नळांचे बोल्ट आवळण्यात आपण जवानी घालवली. त्याचं पेन्शन बँकेत येतं आणि व्याज सांध्यांत.

पत्रास कारण की, गेल्या शनिवारी मी आमच्याच घराच्या जिन्यात मरता मरता वाचलो. घाबरू नकोस, आधी कारण ऐक. लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि एल्सपेथला एक वाक्य सांगायचं माझ्या मनात होतं. इतक्या वर्षांत ते सांगायचं राहूनच गेलं. का राहिलं ते तुला ठाऊक आहे, पण म्हाताऱ्याला आपलं बोलू दे.

आठव ती जहाजावरची लोखंडी टाकी. महिना महिना आपण सहाजण आत कोंडलेले. आत समुद्राच्या तळाइतकाच दाब (रोज कामाला खाली जाता-येता शरीराला तो बदलावा लागू नये म्हणून), आणि श्वासाला हवेऐवजी हेलियम व चिमूटभर ऑक्सिजन. (साध्या हवेतला नायट्रोजन दाबाखाली डोक्यात चढतो आणि माणूस माशांशी हस्तांदोलन करू लागतो. हेलियमला ही खोड नाही.) शाळेत मास्तर या खानदानाला राजवायू म्हणायचे. घरात सगळं भरलेलं, त्यामुळे कोणाकडे मागायला जात नाहीत, सोयरीक करत नाहीत, भांडत नाहीत. त्यांतला निऑन आमच्या कोपऱ्यावरच्या माशांच्या दुकानाच्या पाटीत लाल होऊन बसलाय. आर्गॉन माझ्या जावयाकडे नोकरीला आहे. वेल्डिंग चालू असताना तापल्या सांध्याभोवती उभं राहायचं आणि हवेला जवळ फिरकू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. मास्तर त्यांना निष्क्रियही म्हणत, ते मात्र मला कधी पटलं नाही. अंगातली ऊब पळवण्यात हेलियमचा हात धरणारा कोणी नाही, आणि आपल्या आवाजाची त्याने काय दशा केली! हलक्या वायूत आवाज पळत सुटतो आणि माणसाच्या तोंडातून बदक बाहेर पडतं. चर्चमधल्या ऑर्गनला लाजवील असा तुझा खर्ज. चीजचा शेवटचा तुकडा नाहीसा झाला तेव्हा तू मूठ उगारून ओरडलास, "आर्ची, तुझं नरडं दाबीन!" आणि आतून निघालं ते बदकाचं पिल्लू. आपण सहाहीजण (तूही) हसता हसता बिछान्यांवरून खाली आलो. त्या टाकीत कोणाला धड रागावताच आलं नाही. दाबाखाली जेवणाला चव नसायची, सगळ्यावर मिरचीचा सॉस ओतायचो, तरी मला आजही त्या जेवणाची भूक लागते. ते दिवस गेले, गिबी, आणि मला त्यांची फार आठवण येते.

घरी फोन करायचो तेव्हा नियंत्रण खोलीत आवाज सरळ करणारा एक डबा मधे असायचा. त्या डब्याला आपलं निम्मंही समजत नसे. एल्सपेथला सगळं समजे. "तो डबा बंद करा हो, माझा नवरा बोलतोय," असं ती साहेबालाच सुनवायची. पण वरची अख्खी खोली कान लावून बसलेली, शेजारी तुम्ही पाचजण पाय पसरून पडलेले. मग मी काय बोलणार? मोरी तुंबली का, आणि कोळसा आला का. काम संपलं तरी दाब उतरायला दिवसच्या दिवस लागायचे, आणि घरी पोचेपर्यंत माझी हिंमतही उतरलेली असायची.

आता गेल्या हिवाळ्यापासून एल्सपेथला कमी ऐकू येतंय. खुर्चीतून काही म्हटलं की "काय?" मोठ्याने म्हटलं तरी "काय?" शेवटी उठून कानाशी जावं लागतं. मला वाटलं, जो आवाज कोणाला कळत नव्हता तो हिला कळायचा, तर तोच पुन्हा काढून बघावा. बाजारातून हेलियमचे फुगे आणले. (बसवाला म्हणाला, "आजोबा, मधेच उडून गेलात तरी तिकीट पूर्ण पडेल हं.") जिन्यात उभं राहून एकामागून एक फुगे ओढले, तिला हाक मारली आणि वाक्य म्हटलं. त्यानंतरचं मला आठवत नाही.

टाकीतल्या हेलियममध्ये ऑक्सिजन मिसळलेला असायचा. फुग्यात तो कोण मिसळणार? हेलियम विष नव्हे. ते काही करतच नाही, फक्त दारात ठाण मांडतं आणि ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. हे मी नव्या पोरांना जन्मभर बजावत आलो, आणि वेळ आली तेव्हा माझीच अक्कल गहाण पडली. डोळे उघडले तर डोक्यावर एल्सपेथ. "मेल्या, मरायचंच होतं तर अंगणात मरायचं! आत्ता लादी पुसलीय मी." आणि टॉवेलची घडी करून माझ्या डोक्याखाली सरकवली. मी विचारलं, ऐकलंस का? ती म्हणाली, "काय?"

डॉक्टर तपासून गेले. जाता जाता म्हणाले, म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, खर्ज शेवटपर्यंत टिकतो. म्हणजे जगातल्या सगळ्या आवाजांतून मी नेमका नको तो निवडला होता.

बाकी क्षेम. मेंढ्यांना आमचा आशीर्वाद.

तुझा,
आर्ची

ता. क. तुझा खर्ज अजून शाबूत आहे असं ऐकतो. रविवारी जेवणं झाल्यावर फोन कर आणि माझ्या वतीने एल्सपेथला एवढंच सांग: "तू नसतीस, तर आर्चीला वर यावंसं वाटलंच नसतं." पदरचं काही घालू नकोस. चीजचा विषय तर काढूच नकोस.

दुसरा ता. क. (एल्सपेथकडून)

गिबीभाऊजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणजे मी वाचणारच. फोन करू नका. जिन्यातलं वाक्य मी ऐकलं. मला सगळं ऐकू येतं, रात्री मोरीतला नळ ठिबकतो तोसुद्धा. पण "काय?" म्हटलं की हा खुर्चीतून उठून माझ्याजवळ येतो. अर्धा जन्म याला मी फोनवरच ऐकलं, तुम्हा सगळ्यांच्या देखत. शनिवारपासून रोज उठतो, माझ्या कानाशी येतो, मोरीचं काहीतरी विचारतो आणि परत जाऊन बसतो. येऊ दे त्याला. तुम्ही मधे पडू नका.