दादा, टॉवेल आणि मेंदूचा पेपर

३ मार्च, सकाळी ७
पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी रिसर्च पेपर टाकला. डोक्याला मार खाणाऱ्या खेळाडूंचे मेंदू म्हणे पुढे बिघडतात. लगेच चार मुलांची दांडी. रविवारी पालकांच्या सभेत बॉक्सिंगचा कोच या नात्याने मीच सोक्षमोक्ष लावणार. रोज दहा पानं वाचायची.

४ मार्च
दोन पानं झाली. चष्म्याचा नंबर वाढलाय.

५ मार्च
मेख सापडली! तपासलेले मेंदू घरच्यांनी दान केलेले. ज्यांना त्रास, त्यांच्याच घरचे देणार ना! म्हणजे शंभर खेळाडूंत किती जणांना होतो, कुणालाच माहीत नाही. माहीत नाही म्हणजे नाहीच. वहिनीला फोनवर सांगितलं. म्हणाली, माहीत नाही म्हणजे माहीत नाही, एवढंच. गणिताची टीचर, शंकेखोर.

६ मार्च
पेपर म्हणतो, बेशुद्ध पाडणारेच नव्हे, वर्षानुवर्षांचे बारीक ठोसेही मोजा. हे पान पुसट छापलंय. सोडलं.
जिवंत पुरावाच नेतो : दादा. सोळा वर्षं बॉक्सिंग केलं. रिंगबाहेर टॉवेल घेऊन मी. टॉवेल आत फेकला की लढत थांबते. मी एकदाही फेकला नाही. लढती टिपायच्या माझ्या जुन्या वहीप्रमाणे दादा फक्त तीनदा आडवा झाला. सरावातले ठोसे लिहिलेच नव्हते, सबब शून्य.

७ मार्च
वहिनी म्हणाली, त्यांना सभेला नेऊ नका, परवा गॅस चालू ठेवून फिरायला गेले. मीही छत्री विसरतो, म्हटलं. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

९ मार्च, दुपारी
सभेत दादा छान बोलला. माझ्या भावाने एकदाही टॉवेल फेकला नाही, म्हणाला. टाळ्या! पाच मिनिटांनी पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापासून. लोक हसले. गंमत करतोय असं त्यांना वाटलं. मला तसं वाटलं नाही. तरी मीही हसलो.
तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. वहिनी उठली, हात धरून त्याला खाली घेऊन गेली. मी माईक धरून उभा.

१० मार्च
आजपासून सरावात डोक्यावर मारणं बंद. सरावाला कुणी आलं नाही.
पुसट पान वाचलं. चांगलं स्पष्ट आहे.
लढतींच्या जुन्या वहीत मागच्या पानावर माझंच अक्षर : 'दादाला गरगरतंय. पण उभा आहे. चालेल.' लाज वाटते. इथे लिहितानाही वाटते.
संध्याकाळी दादाचा फोन. शर्ट इस्त्री करून ठेवलाय, सभा कधी आहे? तुझ्या टॉवेलचं सांगतो म्हणाला.
रविवारी, म्हटलं.