एका शेअरचा मालक

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. शोध घेणाऱ्याने सगळं लिहून ठेवावं, असं काल शिबिरात सरांनी सांगितलं. विषय : खासगी कंपन्यांचा माग कसा काढावा. चहा बरा होता.
आमच्या वाचनालयाची इमारत एका कंपनीची आहे. ती भाडेकरार वाढवून देत नाही. का, तेही सांगत नाही. ग्रंथपाल बाई हवालदिल. म्हटलं, मी आहे ना. त्या हसल्या. विश्वासाने असावं.

५ जून
संकल्प : रोज चार तास रिसर्च. आज वीस मिनिटं. पासवर्ड विसरलो. मुलाला फोन केला. मीटिंगमध्ये होता. सूनबाईही मीटिंगमध्ये. बरंच झालं, शोध एकट्यानेच घ्यायचा असतो.

९ जून
मोठा शोध! इमारतवाल्या कंपनीची मालकीण दुसरीच कंपनी, तिची मालकीण तिसरी. तिघींचा पत्ता एकच. जाऊन आलो. दातांच्या दवाखान्यावरचा मजला, दाराला कुलूप, शेजारी कंपन्यांच्या पाट्याच पाट्या. खाली रिसेप्शनिस्टने विचारलं, अपॉइंटमेंट आहे का. संशय नको म्हणून आत जाऊन दाढ दाखवली. काढावी लागली. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, मी दाढ दाखवून.

१५ जून, रविवार
वाचनालय बंद. गाल अजून सुजलेला. बाई माझी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवतात, दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत. घरी चार खुर्च्या आहेत. बसायला मी एकटाच. रविवार फार लांबतो.

२० जून
तिसरी कंपनी शेअर बाजारात आहे! सर म्हणाले होते, एक शेअर घ्या, की वार्षिक सभेत तोंड उघडायचा हक्क. घेतला. आता मीही मालक. मुलाला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

२ जुलै
वार्षिक अहवाल आला. उशीएवढा जाड. सरांचा मंत्र : कंपनी खरं ते शेवटी, बारीक टाइपात लपवते. म्हणून मागून वाचायला घेतलाय. भोळी माणसं पुढून वाचतात.

११ जुलै
घसारा म्हणजे काय ते समजलं. संध्याकाळी विसरलो. मधल्या पानांपर्यंत पोचलोय. सभेतल्या प्रश्नांची आरशासमोर तालीम. ही असती तर म्हणाली असती, अहो, आवाज जरा कमी. शेजाऱ्यांनी भिंत ठोकून तेच कळवलं.

१९ जुलै, संध्याकाळ
सभा झाली. जिंकलो!
दारातच कंपनीची एक मुलगी. काका एकटेच आलात का, जेवलात का, असं विचारलं. कॉफी दिली. पाठीला उशी आणून दिली. जेवलात का, हे मला शेवटचं कोणी विचारलं होतं, आठवेना. प्रश्नांचा कागद खिशातच ठेवला. सावज बिथरायला नको.
मग ठराव, नुसते क्रमांकाने पुकारलेले. एका भागधारकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. सहाव्याच्या वेळी तिने हळूच विचारलं, काका, तुम्ही देता का? माईक हातात. खणखणीत दिलं. टाळ्या पडल्या. कंपनीच्या आतल्या गोटात शिरलो!

२० जुलै
सहज अहवाल पुढून उघडला. पहिलंच पान : सभेपुढील विषय. ठळक अक्षरं. विषय सहा : जुनी इमारत विकणे. पत्ता वाचनालयाचा.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
एका शेअरने काय होतं? ठराव माझ्यावाचूनही झाला असता. नक्कीच झाला असता. पण आवाज माझा होता. लाज वाटते.

२४ जुलै
वाचनालयात गेलो नाही. कालही नाही. दिवसभर कोणाशी बोलणं नाही.

२५ जुलै
बाईंचा फोन. आधी तब्येत विचारली. मग रडायलाच लागल्या. कंपनीची माणसं आली, भिंती मोजून गेली. जाताना सांगून गेली, की विरोध कोणाचाच नव्हता; उलट एका म्हाताऱ्या भागधारकाने मोठ्या उत्साहाने अनुमोदन दिलं. बाई म्हणाल्या, तो मेला कोण, ते तुम्हीच शोधून काढा, तुमच्याशिवाय मला दुसरं आहे कोण.
शोधतो म्हणालो.
वेळ लागेल, असंही सांगितलं.