ताईच्या बरणीतलं पाणी

प्रिय ताई,

वहिनीने तुझ्या चारही बरण्या मोरीत ओतल्या, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तू गेलीस त्या दुपारी, घरातलं साठवलेलं पाणी टाकायचं म्हणून तिने माठ ओतला, कळशी ओतली आणि त्याच ओघात तुझ्या खिडकीतल्या बरण्याही. मी मुलुंडहून बोरीवलीला पोचले तेव्हा त्या घासून पालथ्या घातल्या होत्या.

तिला काय बोलू? तिने रीत पाळली. "वास यायचा हो वन्सं, आणि डास," एवढंच म्हणाली. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताना तू एका बाटलीत आणलेलं ते पाणी! दर महिन्याला नवं पाणी, उकडलेल्या गव्हाचे दोन दाणे. दर जूनला नव्या मुलांना दाखवायला रिक्षात मांडीवर बरणी घेऊन अंधेरीच्या त्या कॉलेजात जायचीस.

मी हसायचे. लोक मांजर पाळतात, म्हटलं होतं तुला. "मांजर बॅक्टेरिया खाऊन दाखवेल का गं?" तू म्हणालीस.

मग समोर बसवून शिकवलंस, बी.कॉम. झालेल्या मला! बॅक्टेरियांना तोंडच नसतं. ते दाण्यावर बसून पाचक रस बाहेर सोडतात आणि विरघळेल ते अंगानेच शोषून घेतात. आधी पचवायचं, मग खायचं. त्यांना खातात तुझे पॅरामेशियम, ते एकाच पेशीचे जीव, अंगावरच्या केसांनी पाणी तोंडाशी ओढून. आणि डासांच्या अळ्या दोघांनाही गिळतात, म्हणून बरणीच्या तोंडाला मलमल.

दिवाळीत एक लहान बरणी माझ्या गळ्यात मारलीस. मी ती बाल्कनीत कुंड्यांमागे ठेवली आणि विसरले. फोनवर विचारायचीस, तेव्हा "टाकते की दाणे" म्हणायचे. खोटं बोलत होते, ताई. तुला कळत होतं ना? मग रागावली का नाहीस?

बोरीवलीहून परतले ती थेट कुंड्यांकडे. बरणीमागे काळी छत्री धरली. चार-पाच पांढरे ठिपके हलत होते. तेवढेच.

आणि मग मी काय केलं असेल? मूठभर गहू टाकले! इतक्या महिन्यांचं एकदम. तिसऱ्या दिवशी वासाने घरात उभं राहवेना. एवढं खायला मिळाल्यावर बॅक्टेरिया माजले आणि पाण्यातली हवा त्यांनीच संपवली. बाकीचे गुदमरले. हे तू सांगितलं होतंस की नव्हतं? सांगितलं असशील. कागदावर का नाही लिहून ठेवलंस?

सून म्हणाली, "आई, आता टाका ते." मी नाही टाकलं. हवेसाठी जो कोणी उरला असेल तो वरच येणार, एवढं डोकं चाललं. औषधाच्या ड्रॉपरने वरचं पाणी थेंब थेंब उचललं, उकळून गार केलेल्या पाण्यात सोडलं. दाणा एकच. रोज छत्री धरायची आणि काही दिसायचं नाही. नवव्या दिवशी दिसलं. उन्हात धूळ नाचते तसं.

ते वाढल्यावर दोन बरण्या केल्या आणि एक घेऊन कॉलेजात गेले. तुझ्या जागी आलेल्या मॅडम भल्या आहेत. आता व्हिडिओ दाखवतात म्हणे. मी विचारलं, "व्हिडिओला भूक लागते का?" त्या हसल्या, पण एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "सांभाळणार कोण?"

"मी. दर महिन्याला येईन."

ऐक, ताई. मी असेपर्यंत ही पंगत उठणार नाही. आणि मी गेले की माझ्या घरचे माठ ओतू देत, हंडे ओतू देत, रीत आहे. बाल्कनीतली बरणी ओतायची नाही. सुनेला बजावलंय. तिचा भरवसा नाही, म्हणून बरणीवर रंगानेही लिहिलंय.

तुझी,
निमा

कॉलेजात सोपवलं: काचेची बरणी एक, तोंडाला मलमल. आत उकडलेल्या गव्हाचे दाणे दोन. ड्रॉपर एक. काय करावं आणि काय करू नये याचा कागद एक, माझ्या अक्षरात. मॅडमची सही घेतली आहे.