संगीत वल्लरीविभ्रम आणि पितांबरची मिशी

धानोरा, ता. ४ जानेवारी १९३१
आजपासून रोजनिशी. थोर नाटककारांनी सुरुवात कशी केली हे मागाहून कुणालाच आठवत नाही. माझ्या बाबतीत ती अडचण नको.
चुडामण पाटलांनी बोलावलं होतं. १२ फेब्रुवारीला त्यांच्या नव्या धर्मशाळेचं उद्घाटन. त्यासाठी नवं संगीत नाटक हवंय. म्हणाले, "मास्तर, रडं नको. लोकं पोट धरीसन हासाले पाहिजेत." मागे नंदुरबारला पाहिलेल्या नाटकात शेवटी सगळेच मेले, ते त्यांच्या मनाला लागलंय. होकार दिला. पंधरा दिवस पुष्कळ.

ता. १९
'संगीत वल्लरीविभ्रम' पूर्ण! पाच अंक, एकसष्ट पदं. हिला पहिला अंक वाचून दाखवला. ही झोपली. विनोद उच्च दर्जाचा असला की मन शांत होतं.

ता. २२
तालीम सुरू. नायिका वल्लरी : हिलालआप्पांचा पितांबर. गळा गोड, चालही नाजूक. फक्त मिशी आहे. किरकोळ बाब. उद्या काढायला सांगतो.

ता. २३
काढत नाही. "मन्हा बाप जित्ता शे, मास्तर." मिशी बाप गेल्यावरच काढायची, आधी काढली तर बापावर बेततं म्हणे. हिलालआप्पांना पाहून आलो. सत्तरीतही दोन भाकरी खातात, वर ठेचा. इतक्यात काही होईलसं दिसत नाही.

ता. ३०
तोडगा सापडला. वल्लरी पाचही अंक तोंडावर पदर ओढून गाणार. लज्जा हाच तिचा स्थायीभाव. मात्र तान घेताना पदर तोंडात जातो. आज पितांबरला पाठीत दोन धपाटे घालावे लागले.

ता. ५ फेब्रुवारी
धुळ्याच्या नाटक कंपनीचे मॅनेजर प्रयोगाला येणार! पसंत पडलं तर मी कंपनीचा कायमचा नाटककार. लगेच शाळेत मार्चअखेरपासूनचा राजीनामा देऊन टाकला.
ही रडली. म्हणाली, आधी नाटक तर होऊ द्या, उद्या पोरांच्या तोंडात काय घालू? मी म्हटलं, दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही. रात्री मीही तीनदा उठून पिठाचा डबा उघडून पाहिला. वालाच्या उसळीने झोप आली नसावी.
मॅनेजरांपुढे पदर चालायचा नाही. मिशी जायलाच हवी.

ता. ११
पितांबर राजी! कंपनीत तुला नायिका करीन असा शब्द दिला. गावचा न्हावी भिला ऐकेना : "आप्पा जित्ता शे, मी वस्तरा लावाव नही." म्हणून नंदुरबारला नेलं. पाच मिनिटांत वल्लरी तयार.
येताना मिरची बाजारातून आलो. पितांबरचे डोळे घळाघळा वाहत होते, ठसक्यापुढे शब्द फुटेना. तेवढ्यात त्याचा खांडबाऱ्याचा एक नातलग भेटला. पितांबरच्या तोंडाकडे पाहतच राहिला, मग त्याला कवटाळून स्वतःही रडला आणि स्टेशनकडे धावत सुटला. नाटकाआधीच कलावंताला एवढा मान मी प्रथमच पाहिला.
हिलालआप्पांना उद्यापर्यंत कळू द्यायचं नाही. दाढ दुखते असं सांगून पितांबर उपरण्यात तोंड गुंडाळून हिंडतोय.

ता. १३, सकाळ
प्रयोग झाला.
पहिल्या अंकात लोक अत्यंत शांत. मॅनेजरांनी तीनदा घड्याळ पाहिलं. दुसऱ्या अंकात वल्लरीचं पद रंगात आलं, तोच वेशीकडून आक्रोश. खांडबाऱ्याची अकरा माणसं, पुढे हिलालआप्पांची बहीण धनुबाई, ऊर बडवत : "माय वं, मन्हा भाऊ गया!" ती थेट स्टेजवर. पितांबरच्या गळ्यात पडली, मग त्याला न्याहाळून ओरडली, "बाप मरी गया नि तू लुगडं नेसना?"
पहिल्या रांगेत हिलालआप्पा शेंगा खात बसले होते. उभे राहिले. "अक्का, मी आठेच शे."
धनुबाईने किंकाळी फोडली. मग प्रधानाची लाकडी तलवार उचलून जित्या भावाच्या मागे लागली. पाटील हसता हसता खुर्चीवरून पडले. मॅनेजरांनी फेट्याने डोळे पुसले.
रंगाखाली मिशी असेलच असं समजलेल्या आप्पांनी मग पोराचा ओठ जवळून पाहिला. हातातल्या शेंगा टाकून घरी गेले. पितांबर लुगड्यातच मागे धावला. मला क्षणभर फार वाईट वाटलं.
मॅनेजरांनी विचारलं, हा प्रवेश कुणाचा? मी म्हटलं, माझाच.

ता. २०
मॅनेजरांचं पत्र : बाकी नाटक राहू द्या, तेवढा बहिणीचा प्रवेश लिहून पाठवा. पाठवला. धनुबाईच्या तोंडी नऊ पदं घातली. मूळ प्रसंगात ती उणीव राहिली होती.
पितांबरला मिशी फुटेपर्यंत गोठ्यात जेवायची शिक्षा आहे. माझ्याकडे बघत नाही. कलेची किंमत थोड्यांनाच कळते.

ता. ९ मार्च
मॅनेजरांचं उत्तर : हा नव्हे. तो ज्यांनी लिहिला त्यांचा पत्ता कळवावा.
हिने कोट झटकून हातात दिला. हेडमास्तरांकडे गेलो, राजीनामा परत मागितला. तो वर शाळाखात्याकडे गेला असता तर घरात चूल पेटली नसती, हे आज प्रथमच नीट कळलं.
त्यांनी खण उघडून कागद पुढे सरकवला. म्हणाले, "हा राजीनामा होता? पद्यात होता, म्हणून मला तुमच्या नाटकातलं विनोदी पद वाटलं. दोनदा वाचलं, हसू आलं नाही. मग ठेवून दिलं."
उद्या साडेदहाला दुसरीचा वर्ग. पाढे.