हवेच्या गनने झटकलेले कपडे

१२ नोव्हेंबर
ऊन उतरताना अंगणात बसले आणि तेच आठवले. लग्नाला तेव्हा दोन वर्षे झाली असतील. गारगोटी दळायची आमची गिरणी घराला लागूनच. हे तिथून यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. नाकावरचा रुमाल सोडून खुंटीला टांगायचे, हात वर करून उभे राहायचे. मी कम्प्रेसरची हवेची गन घेऊन आधी पाठ, मग बाह्या, मग पॅन्ट झटकायची. "मॅडम, गुदगुल्या होऊन राहिल्या ना!" म्हणून उड्या मारायचे. मी म्हणायची, हलू नका. धूळ उन्हात चमकायची. सुंदर दिसायची, खोटे कशाला लिहू.
नियम माझाच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोज कॉलर आणि नखे बघायच्या. मळके कपडे उंबऱ्याच्या आत नकोत, हे तेव्हापासून डोक्यात.

१५ नोव्हेंबर
ह्यांना घेऊन भंडाऱ्याला डॉक्टरांकडे. नवीन काही नाही. फुप्फुसात दगडाची भुकटी, आतून घट्ट होत चालली आहे, परत मऊ होत नाही. ऑक्सिजनचे मशीन आता दिवसभर.
डॉ.नी विचारले, काम करताना नाक बांधायचे का? हे म्हणाले, "दिवसभर. घट्ट." मग मीच बोलले, कपडे झटकताना सोडायचे. काम संपले म्हणून.
डॉ.नी पेन खाली ठेवले. "काकू, दिसते ती धूळ बरीचशी नाकात अडकते. दिसत नाही ती खोल जाते. ती कपड्यांत बसलेली असते. हवा मारून तुम्ही ती उठवत होता, तीही उघड्या तोंडासमोर." रुमालाने तशीही फार अडली नसती, म्हणाले. मला बरे वाटावे म्हणून असेल.
गाडीत ह्यांनी माझा हात धरला. "तुले काय... मालूम होतं." 

१९ नोव्हेंबर
संध्याकाळी गिरणी थांबली आणि लगेच फिस्स, फिस्स. बाहेर आले तर प्रशांत हात वर करून उभा, गन सुनेच्या हातात. दोघांची नाके उघडी. प्र. हसत होता. डोळे मिटून हसण्याची पद्धतसुद्धा बापाची.
मी ओरडले. मला ओरडता येते हे मलाच माहीत नव्हते.
"आई, गिरणीत मास्क घालतो ना मी! चांगला, महागाचा."
"आणि आत्ता?"
"आत्ता तं काम झालं."
तेच शब्द. कपडे बाहेरच उतरव, पाण्यात बुडव म्हटले, तर म्हणे, "रोज कोण धुवंल? दोन मिनिटांचं काम आहे हे."
स्वाती हळूच म्हणाली, "आई, तुम्हीच तं शिकवलं मले."
खरे आहे. हातावरची मेंदी उतरली नव्हती तेव्हा मी तिच्या हातात गन दिली होती. आधी पाठ, म्हटले होते.

२३ नोव्हेंबर
परवा गन काढून माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली लपवली. काल प्र.ने साकोलीहून नवी आणली. भांडला नाही. "आईचं आता काही मनावर घेऊ नको," एवढेच स्वातीला.
ह्यांना सांगितले तर हसले. हसण्याने खोकला, खोकल्याने ओठ निळे. आता ह्यांना हसवायचे नाही. ज्या माणसाला रोज गुदगुल्या करून हसवले, त्याला...

२८ नोव्हेंबर
चार दिवस अंगणात बादली भरून ठेवते. शेजारी प्र.चा धुतलेला सदरा, पॅन्ट. चारही दिवस तसेच राहिले. आज पाण्यात चिंचेचा पाला पडला होता. काढला, पाणी बदलले.
स्वाती बघत होती. संध्याकाळी गन चालवताना नाकावर ओढणी बांधली होती. ओढणीने काय होते!

४ डिसेंबर
डॉ. फोनवर म्हणाले, आता घरीच राहू द्या. म्हणजे काय ते समजले.
नणंद एकोडीहून नवा तांदूळ घेऊन आली. ह्यांच्या नाकाशी मूठ धरली. "वास येते का रे, भाऊ?" ह्यांनी हो म्हणून मान हलवली. आला नव्हता. मला कळते.

७ डिसेंबर
दुपार उतरताना म्हणाले, "लिहून घे." मी हीच वही घेतली. प्रत्येक नावाला दोनदा थांबत सांगितले.
घड्याळ: एकोडीच्या भाच्याला.
रेडिओ: गिरणीतल्या हमालांना, जेवताना ऐकायला.
नवे स्वेटर: कोणा म्हाताऱ्याला. घडी मोडलेली नाही.
कम्प्रेसर: इथे मी नाही म्हटले. "पोराले दे... माह्यी पहिली मशीन... हाय ते." लिहिले. प्रशांतला.
मग डोळे मिटले. आता झोपले आहेत, ऑक्सिजनचे मशीन घरघरते आहे. पुढची वाटणी माझी.
ह्यांचा खुंटीवरचा रुमाल: मला.
शालू: स्वातीला. त्याखालची गन कोणालाही नाही. ती पुरायची.
गिरणी आत्ता थांबली. अंगणातून अजून फिस्स आवाज नाही.
बादली: स्वातीला. रोज गिरणी थांबायच्या आधी भरायची. पाला पडला तर काढायचा, पाणी बदलायचे.