चिरंजीवांशी ‘त्या’ विषयावर बोलण्याचा बेत

६ जुलै
वर्गशिक्षिकेचा फोन. आमच्या दहावीतल्या चिरंजीवांना वर्गातल्या एका मुलीने स्पष्ट नको म्हटलं, तरी साहेब मेसेज पाठवत राहिले. वर मित्रांना ज्ञान दिलं, की मुली आधी नाहीच म्हणतात. ज्ञानाचा उगम मोबाइलवरचे घाणेरडे व्हिडिओ. ती मुलगी घाबरून शाळेतच येत नाही म्हणे. ऐकून लाज वाटली. सौ. म्हणाली, बापानेच बोलायला हवं. बोलणारच! ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात आयुष्य गेलं. लटपटणाऱ्या माणसांना चढावर गाडी उभी करायला शिकवलंय. हे पोरगं म्हणजे किस झाड की पत्ती.

७ जुलै
जेवताना सुरुवात केली. म्हटलं, हल्ली मोबाइलवर काय काय दिसतं. तो म्हणाला, अक्षरं बारीक दिसतात का, मोठी करून देऊ? दिली करून. संवाद सुरू झाला हे महत्त्वाचं.

८ जुलै
नको त्या साइट्स बंद करणारं ॲप आणलं. त्याच्या फोनवर टाकायचं होतं, मला जमेना. शेवटी त्यालाच टाकायला सांगितलं. पाच मिनिटांत टाकलं, पासवर्डही त्यानेच ठेवला. हुशार आहे. कॉलेजातली कन्या हसून हसून लोळत होती. कारण कळलं नाही. अर्धं काम फत्ते.

१० जुलै
गाडीत बोलायचं ठरवलं. समोर बघत बोललं की नजरेला नजर द्यावी लागत नाही. सरावाच्या मैदानावर तो स्टिअरिंगला, मी शेजारी. आमच्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक असतो. म्हटलं, ती तुझ्या वर्गातली मुलगी. तो म्हणाला, तिचं काय? माझा पाय आपोआप ब्रेकवर. गाडी गचकन बंद. मग क्लच समजावून सांगितला. क्लच मात्र त्याला छान कळला.

११ जुलै
तोच प्रकार. तोंड उघडलं की पाय ब्रेकवर. त्याने विचारलं, बाबा, बरं नाहीये का? म्हटलं, ब्रेक तपासतोय. सौ.ने विचारलं, झालं का बोलून? म्हटलं, पाया पक्का करतोय. उगाच घाई नको.

१३ जुलै
वर्गशिक्षिकेचा फोन. घाम फुटला. पण त्या आभारच मानू लागल्या. चिरंजीवांनी स्वतःहून माफी मागितली, मेसेज बंद केले. मुलगी आज वर्गात आली. म्हटलं, आमच्या घरात मोकळेपणाने बोललं जातं.

संध्याकाळी त्याची पाठ थोपटली. तो म्हणाला, ताई बोलली माझ्याशी. ती शाळेत असताना तिलाही एकाने असंच छळलं होतं. कित्येक दिवस ती बसस्टॉपवर जायला घाबरायची. सांगताना ती रडली, मग हाही रडला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं. विचारलं, मला का नाही सांगितलं तिने? तो म्हणाला, आली होती ना सांगायला. तुम्ही तिला मैदानावर नेऊन रिव्हर्स शिकवलात.

तो दिवस चांगला आठवतोय. खूप गप्पा मारल्या होत्या आम्ही. म्हणजे, मी.