न गिळलेलं दुःख

६ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१०
(जाग ७.०५ला आली. पाच मिनिटं लोळले. नोंद असावी.)
सायकोसोमॅटिकच्या फेलोशिपचे तीन आठवडे उरले. २७ला एक केस सादर करायची. जागृती मॅडमना पटली तर सर्टिफिकेट, नाहीतर आणखी सहा महिने. मनाचं दुखणं शरीरातून बोलतं, ते ओळखायचं, एवढंच आमचं शास्त्र. मला पटकन ओळखता येतं.
पोट दुखतंय. कँटीनची चटणी. आजपासून बंद.

१० मार्च
केस मिळाली. गोदूबाई, चिंचणी, वय अठ्ठावन्न, मासळी विकतात. घशात काहीतरी अडकलंय, घास टोचतो. कधीपासून विचारलं. म्हणाल्या, माझ्या सपनीच्या सासरची मानसं पयल्यांदा घरी आली ना, त्या दिसापासून.
सासर बोईसरचं, शुद्ध शाकाहारी. मी पेन खाली ठेवलं. (लगेच उचललं, नोट्स लिहायच्या होत्या.) मासळीवालीची लेक शाकाहारी घरात. हे न गिळलेलं दुःख आहे.

११ मार्च
नियमाप्रमाणे विचारलं, काटा तर नाही ना अडकला? गोदूबाई वॉर्डभर ऐकू जाईल अशा म्हणाल्या, मांगेल्याच्या, मासे मारनाऱ्याच्या घरात जन्मले मी. माझ्या घशात काटा? उद्या सांगशील, मासा बुडून मेला.
दोनदा माफी मागितली. तोंड उघडायला सांगणार होते, पण विश्वास नसल्यासारखं दिसलं असतं. एवढा राग म्हणजे भावना दाबलेली. केस भक्कम.
संध्याकाळी माकुणसारहून वडिलांचा, अण्णांचा फोन. दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर. ताप बघायला, जखम बांधायला त्यांनीच शिकवलं. त्यांचा एकच धडा, पेशंटला आधी आ करायला सांग. आजही विचारलं, आ केलं का तिने? म्हटलं, अण्णा, आमच्यात तसं नसतं.
मी स्पेशालिस्ट झाले असं त्यांनी गावभर सांगून टाकलंय.

१३ मार्च, गुरुवार
मॅडमचा रिव्ह्यू. पोट फार. चटणी सोमवारी एकदाच खाल्ली होती. सोनोग्राफी नॉर्मल. मशीन जुनं असावं.

१८ मार्च
गोदूबाईंना म्हटलं, रडावंसं वाटलं तर रडा. म्हणाल्या, कशाला? पोरगी सुखात हाय. जावई आमच्याकडं येऊन बोंबील खातो, घरी सांगत नाय.
नोंद: नकार अजून पक्का.

२० मार्च, गुरुवार
एंडोस्कोपीही नॉर्मल. पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं, काही ताण आहे का? काही सापडलं नाही की हल्ली सगळे ताण म्हणतात. लोकांचा अभ्यासच नसतो.

२७ मार्च, गुरुवार
बावीस स्लाइड्स. सतराव्या स्लाइडवर मॅडमनी थांबवलं. समोर बसलेल्या गोदूबाईंना म्हणाल्या, मावशी, जरा आ करा. टॉर्च लावला. मग घशाच्या डॉक्टर सुजीतला बोलावलं. चिमट्यात काटा आला. मांदेलीचा. मांदेली आमच्याकडे लहान पोरंसुद्धा अख्खी चावून खातात.
गोदूबाईंनी काट्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाल्या, पाव्हने दारात आले तवा चुलीपाशी उभ्या उभ्या तोंडात कोंबल्या दोन. ताटात दिसू नये म्हनून. चिंचणीत बोलू नका कोनी.
मॅडमनी टॉर्च बंद केला. फॉर्मवर लिहिलं, सहा महिने.

२८ मार्च. संध्याकाळी ६.२०
गोदूबाई दुपारी घरी गेल्या. जाताना सुक्या सोड्यांची पुडी दिली आणि माझ्याच खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, तू सारखी पोट का धरतेस बाय? कवा दुखतं? म्हटलं, गुरुवारी जास्त. गुरुवारी काय असतं? मॅडम. बापाला सांगितलंस, नापास झालीस ते? नाही. मग बापाचं नाव काय, माणूस कसा आहे, मारायचा का, असं एकेक विचारत गेल्या. मी चाळीस मिनिटं बोलले. रडलेही, साधारण सहा मिनिटं. मग त्यांनी समोर बसवून अण्णांना फोन लावायला लावला.
अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बरं. यापुढे आधी आ करायला सांग.
दुपारपासून पोट अजिबात दुखलं नाही. नवी अँटासिडची गोळी लागू पडली म्हणायची.
(गोळी अजून घेतलेली नाही. नोंद असावी.)